शेकोटीपासची जागा

"जी खोड नडत नाही, तिचे गुण मिळत नाहीत," खेळ चालवणाऱ्या हेल्मीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिचा तो मास्तरणीचा आवाज आज पुन्हा रेनोच्या कानात घुमत होता. टेबलाच्या टोकाची तिची खुर्ची मात्र रिकामी होती. हिवाळा लागता लागता ती गेली. चर्चच्या तळघरातली ही शेवटची बैठक. अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी करायची, फासे डब्यात घालायचे, की झालं.

खेळ तसा साधा. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडाने रंगवायची गोष्ट. यात कुणी आधीच ठरलेला योद्धा नसतो, की जादूगार नसतो. सगळे कोरे. हातातल्या गुणांत परवडेल ती एकेक विद्या विकत घ्यायची. गुण कमी पडले, तर आपल्या पात्राला एखादी खोड लावून घ्यायची. कुणाला अंधाराची भीती, कुणाला हावरटपणा. तिच्या बदल्यात वरचे गुण मिळतात; पुढे ती पुसायची, तर गुण परत मोजायचे.

रेनोने आपल्या तिरंदाजाला एकलकोंडेपणा लावला होता. रात्री सगळे शेकोटीभोवती बसले, की हा लांब झाडाखाली. हेल्मीने चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "हे नडेल का?"

"छे. सवय आहे," रेनो म्हणाला आणि मग घाईने जोडलं, "त्याला."

"मग गुण नाहीत."

तरी त्याने ती खोड तशीच राहू दिली.

पुढे कितीतरी हिवाळे गेले. रेनो आठवडाभर लोकांच्या घरातल्या, घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करी. काम झालं की दारातच टोपी चढवी. रविवारचा खेळाचा नेम मात्र त्याने कधी मोडला नाही. खेळात मिळालेले गुण तो खर्चत नसे, नुसते साठवी. उठताना खेळातल्याच वेनची बायको लव्हॉन म्हणे, "आमच्याकडे ये की जेवायला." हा म्हणे, "बघू." विचारून विचारून शेवटी तिने विचारणं सोडलं.

हॉस्पिटलात हेल्मीने त्याचा हात धरला होता. "तुझ्या त्या तिरंदाजाला एकदा शेकोटीपाशी बसव रे. वचन दे."

"बसवतो," तो म्हणाला होता.

आज खेळ चालवायला वेन बसला होता. "चला, शेवटचा बाजार," तो म्हणाला. "रेनोशेठ, उघडा तिजोरी. एवढ्या गुणांत डोळे बांधून माशीचा पंख उडवशील."

"धनुष्य नको," रेनो म्हणाला. "खोड पुसायची आहे. एकलकोंडेपणाची."

वेन हसला. "जित्याची खोड बाबा ती, अशी जाते होय? आणि शेवटच्या दिवशी पुसून करणार काय? बरं, पूस. तिचे गुण तू घेतलेच नव्हतेस. फुकट आहे."

"नाही," रेनो म्हणाला. त्याची नजर रिकाम्या खुर्चीवर होती. "नडत होती. पूर्ण किंमत घे."

लव्हॉनच्या विणकामाच्या सुया थांबल्या. वेनने मान डोलावली आणि रेनोचे साठवलेले सगळे गुण वजा केले. पुढे गोष्टीत रात्र झाली. तिरंदाज झाडाखालून उठला, शेकोटीपाशी आला. कुणीतरी त्याला सरकून जागा दिली. फासे टाकायची गरजच पडली नाही.

बैठक उठली. लव्हॉनने मफलर गुंडाळला, रेनोच्या बाहीवर क्षणभर हात ठेवला आणि वेनच्या मागे जिना चढून गेली. वचन पाळलं, असं म्हणत रेनो घरी आला.

पुढचा रविवार उजाडला. दुपारी नेहमीच्या वेळी त्याने सवयीने टोपी उचलली. जायचं कुठे? टोपी हातात धरून तो बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. मग टोपी ठेवली आणि पीठ मळायला घेतलं. आईच्या हातच्यासारख्या मांस-बटाटा भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या पेस्ट्या भाजल्या, टॉवेलात गुंडाळल्या.

बाहेर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी होती. ती त्याने उतरवून घरात ठेवली आणि तिच्या जागी ऊन ऊन पेस्ट्यांचं बोचकं ठेवलं. चर्च मागे पडलं, तसा तो वेन आणि लव्हॉनच्या रस्त्याला वळला.

कुणाचीही भट्टी बिघडलेली नसताना तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी निघाला होता.