खोक्यावरची नोंद

"ती तान मी गायलेली नाही," वर्लीनबाई म्हणाल्या आणि पातेल्यातली भाजी ढवळत राहिल्या.

रेकॉर्ड कंपनीचा माणूस पिकेट बाईंच्या मुलीकडे, लॉरेनकडे, बघतच राहिला. शिकागोच्या दक्षिण भागातलं हे घर शोधायला त्याला वर्ष लागलं होतं. डिस्कोच्या जमान्यात बाईंची एकच तबकडी गाजली. तिच्यातली ती चार सेकंदांची, शब्दांवाचूनची तान पुढे शेकडो गाण्यांत कापून जोडली गेली. अख्खं जग तिच्यावर नाचलं, पण नाव कुठेच नाही. आता कंपनी नाव छापणार होती. अट एकच, बाईंनी ती तान पुन्हा गाऊन दाखवायची.

आईच्या नावासाठी लॉरेनने वीस वर्षं पत्रं खरडली होती. पण मनात पाल चुकचुकायचीच. ते गाणं लागलं की आई रेडिओ बंद करायची. चर्चमध्ये सगळी स्तोत्रं गायची, ती तान मात्र कधीच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लॉरेन त्या गाण्यावर नाचली, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.

"मम्मा, चारचौघांत माझं हसं करू नकोस. मग कोण गायलं?"

"कोणीच नाही."

घ्या! आता या म्हातारीपुढे काय डोकं फोडायचं?

पिकेटने समजूत काढली. मूळ टेप सापडली होती. रेकॉर्डिंग करणारा हार्वी भलता काटेकोर. टेप कधी थांबवायचा नाही आणि स्टुडिओत जे घडेल ते टेपच्या खोक्यावर टिपून ठेवायचा. उद्या खोकं आणतो, म्हणाला, सोक्षमोक्ष होऊन जाईल.

"उद्या नको," बाई म्हणाल्या. "उद्या अकरा मार्च. हिच्या बापाच्या थडग्यावर फुलं वाहायची आहेत."

लॉरेनने बापाला पाहिलंच नव्हतं. ती पोटात असताना तो पोलादाच्या कारखान्यातल्या अपघातात गेला, एवढंच तिला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. बाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. लॉरेनने खोकं पुढ्यात ओढलं. आई खोटी निघाली तर?

खोक्यावर त्या तानेपुढे लाल खूण होती. शेजारी हार्वीचं बारीक अक्षर.

'११ मार्च १९७७. तिसऱ्यांदा गाऊन झालं. मधली सुट्टी. वर्लीनला कारखान्यातून फोन. टेप चालूच होती.'