सभागृहाचा कोबा

सभागृहाच्या कोपऱ्यात कोब्यावर एक चिमुकलं पाऊल उमटलेलं होतं. त्यावर फरशी बसवायला भगीरथने थापी उचलली, तेवढ्यात जयश्री मॅडमनी त्याला थांबवलं.

मुरबाड रस्त्यावरच्या विद्यापीठाच्या या इमारतीला दहा वर्षं होत होती आणि मॅडम तिची माहितीपुस्तिका लिहीत होत्या. काळ्या दगडाचं जोतं, सागाच्या बेचाळीस खिडक्या, ग्रंथालयावरचा एका दमात ओतलेला बिनसांध्याचा स्लॅब, सगळं लिहून झालं तरी पानं काही भरेनात. हे पाऊल दिसलं आणि त्यांना घबाडच हाती लागलं.

"बाईजामावशी, तुम्ही बांधकामावर होतात ना? कुणाचं हो हे?"

बाईजाने झाडू भिंतीला टेकवला. "माझ्या रुपाचं. ओल्या कोब्यात शिरली. मुकादम वरडला, म्हनून मी मारली तिला."

मॅडम हरखल्या. "अहो, मग यावर काच बसवू! शेजारी तिचं नाव लिहू. शनिवारी कार्यक्रमाला घेऊन या तिला. केवढी झाली असेल आता?"

"ती नाय आता. त्याच साली तापानं गेली. वर स्लॅब चालला व्हता त्या दिवशी. वाडीवरून सांगावा आला, पन मुकादम सोडी ना. मधी थांबलं का सांधा पडतो, बोलला. मी घमेली देत ऱ्हायले. वाडीवर पोचले तं पोरीला पुरून सगली घरी आलती."

सांगताना तिचा आवाज कुठे अडखळला नाही. आता तरी रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. डोळे भरून आले ते मॅडमचेच.

"भगीरथ, हे झाकू नकोस रे," त्या कशाबशा म्हणाल्या. "एवढा कोपरा राहू दे तसाच. मावशींना रोज दिसेल तरी."

"रोजच दिसतं, म्याडम. दहा वर्सं पुसतेय."

बाईजा खाली बसली. घमेल्यातला ओला माल तिने मूठभर घेतला, पावलात सोडला आणि तळहाताने हळूहळू सारखा केला.

"माती द्यायची ऱ्हायली व्हती," ती म्हणाली. मग भगीरथकडे वळून, "लाव आता."