प्रामाणिक भागीदार

पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या लेखी संघपाल नोकर नाही, 'भागीदार' आहे. त्यामुळे पगार, रजा असल्या कटकटी त्याच्यामागे नाहीत. यंदा 'तालुक्यातला सर्वात प्रामाणिक भागीदार' म्हणून त्याची निवड झाली आणि कंपनीने ट्रॉफी पार्सलने सणसरला त्याच्या घरी पाठवली. सणसरची पार्सलं पोचवतो तोच, त्यामुळे ट्रॉफीही त्याच्याच पिशवीत आली.

"तुझं बक्षीस तूच घेऊन आलास व्हय?" आईने विचारलं.

"या रूटला दुसरं कोण हाय, आई?"

ग्राहक म्हणून आलेला ओटीपी त्याने भागीदार म्हणून ॲपमध्ये टाकला. लगेच मोबाईल वाजला.

"बघ, सायबांनी शाबासकी धाडली आसंल," आई म्हणाली.



'ग्राहक व डिलिव्हरी देणारा एकच आढळल्याने, फसवणुकीच्या कारणावरून आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.'