ऑर्लिन आजींनी केलेलं कौतुक

व्यावसायिक संघासाठी कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं पारखणं हे माझं काम. समोरून धावून येणाऱ्या धटिंगणांना थोपवणारा डेमंड मला मैदानात एकदम पसंत पडला, म्हणून मिसिसिपीतल्या त्याच्या घरी गेलो. त्याच्या ऑर्लिन आजींनी तळलेला मासा आग्रह करकरून वाढला.

"भारी गुणी हो पोरगा. सकाळी कठडा धरून जिना उलटा उतरतो. म्हणतो, पायऱ्या वाजल्या की तुझी झोप मोडते."

माझा घास हातातच राहिला. गुडघा कामातून गेलेला माणूसच असा जिना उतरतो. डेमंडने मान खाली घातली.

निघताना तो गाडीपर्यंत आला. आजींनी बांधून दिलेला केक माझ्या हातात होता. आता हा गयावया करणार, असं वाटलं.



"सर, यादीतून माझं नाव खोडा हवं तर. पण तिच्या बोलण्यातून कळलं, एवढं तिला कळू देऊ नका."