माठातली हाक

कारखान्यात शंभू दिवसभर गिटारचे सुटे भाग बनवायचा. तिथं केसाएवढा फरकही यंत्र सांगायचं. घरी मात्र तो पोकळ पेटीची अख्खी बास गिटार घडवत होता. आई जन्मभर लोणंदच्या बाजारात माठ विकत आलेली. लहानपणी तो रिकाम्या माठात तोंड घालून ‘आये’ अशी हाक मारायचा. तो घुमणारा खर्जच आता लाकडात शोधत होता. आधीच्या दोन वाया गेल्या. एक जाड राहून मुकी निघाली, दुसरी तासताना तडकली. रविवारी तो तिसरीची फळी तासत असताना आईनं तिच्यावर माठ पारखताना मारतात तशी टिचकी मारली. “थांब रं. पक्की भाजली ही.” हातातलं जाडी मोजायचं गेज अजून तास म्हणत होतं. त्यानं रंधा खाली ठेवला. महिन्याभरानं तारा चढल्या. त्यानं सगळ्यात जाड तार हळूच छेडली. परसातून आईचा आवाज आला, “ओ! आले रं शंभू.”