गीझरचा मान

"हीटर ठणठणीत आहे, पण तुमचं घर त्याला आपल्यात घेत नाहीये," तंत्रज्ञ तांबोळी म्हणाला. परसातल्या छोट्या पोहण्याच्या तलावात वत्सलाबाई कुडकुडत उभ्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला सांगितलं होतं.

नवं यंत्र घराला जोडायचं, तर आधीच्या सगळ्या यंत्रांचा होकार लागे. फ्रिजने दिला, पंख्यांनी दिला. सून मृदुलाच्या लग्नाच्या वर्षी बसवलेला गीझर तेवढा अडून बसला होता.

"अठरा वर्षं या घराचं पाणी मी तापवतोय," तो भिंतीतल्या स्पीकरमधून म्हणाला. "मला एका शब्दाने विचारलं नाहीत."

वत्सलाबाई टॉवेल गुंडाळून आत गेल्या. दसऱ्याला लावतात तसं त्यांनी गीझरला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला.

"चुकलं रे बाबा. हे घर तुझ्याच जिवावर चाललंय. यापुढे तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही."

गीझर विरघळला. तासाभरात तलाव कोमट झाला.

"मृदुला, चहा टाक गं," पाण्यात उतरत वत्सलाबाई खुशीत म्हणाल्या.

मृदुला मघापासून दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"टाकते की," ती म्हणाली. "आधी माझा नारळ आणा."