पहिल्या अल्बममधला राक्षस

"लोकांना कानच उरले नाहीत," उन्मेष मोबाइलवर अंगठा घासत कुरकुरला. त्याच्या हेवी मेटल बँडचा दुसरा अल्बम आल्यापासून श्रोते एकच विचारत होते, पहिल्या अल्बममधला राक्षस कुठे गेला? त्याची बायको कादंबरी सासूबाईंसोबत मटार सोलत होती. तो राक्षसासारखा गुरगुरणारा आवाज तिचा होता, शेजाऱ्यांच्या भीतीने सॉल्ट लेक वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तोंडावर उशी दाबून कमावलेला. अल्बमवर नाव मात्र नवऱ्याचं लागलं. वर्षभर कौतुक ऐकून त्याला ते खरंच वाटू लागलं. दुसरा अल्बम तो स्वतःच गायला. घरात ठाऊक सर्वांना होतं, बोलत कुणी नव्हतं. "हा बघ शहाणा, लिहितो, 'दादा, आल्याचा चहा घ्या.'" उन्मेषने एका श्रोत्याची कमेंट वाचून दाखवली. "करू का?" कादंबरीने विचारलं. "तुला काय कळतंय गाण्यातलं?" तो खेकसला. सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "अरे, तो राक्षस हीच होती. तू नुसता खोकतोस."